मागच्या खोलीची घंटी

प्रताप नगर, नागपूर
१४ एप्रिल १९७८
आज सामान लावून झाले. बंगल्यामागचे अंगण ओलांडले की ही एकटी खोली. खिडकीशी टेबल, भिंतीत तीन फळ्या. तिन्ही पुस्तकांनी भरल्या. इतका एकान्त मला आजवर लाभला नव्हता. एम. ए.ची परीक्षा सहा आठवड्यांवर आहे. काटोलहून निघताना बाबांनी एकच अट घातली: खोलीत टेलिफोन हवा. अडीनडीला मी कोणाला हाक मारणार नाही, हे ते जाणतात. घरमालक वामनराव बंगल्यातला टेलिफोन इथवर वाढवून देणार आहेत. ते न जमल्यास मला परतावे लागेल.

१६ एप्रिल
चंपतराव मिस्त्रींनी अंगणावरून काळी तार ओढली. भिंतीत त्यांना एक जुनी, तोडलेली तार सापडली. तिचे दुसरे टोक माझ्या खाटेच्या उशाशी, एका जुन्या घंटीच्या बटणापाशी निघते. “आयती तार भेटली नं बापा, भिंत काहून फोडू?” असे म्हणत त्यांनी नवी तार तिलाच जोडली आणि टेलिफोन उशाशी बसवला. वामनराव तोडलेले टोक बोटांनी चाचपून बंगल्यात निघून गेले.
त्यांच्या पत्नी अंजनाबाई यांनी संकेत ठरवून दिला. मी बटण दाबून एक घंटी दिली, म्हणजे मला काही हवे आहे. बंगल्यातून दोन आल्या, म्हणजे कोणीतरी येत आहे. जेवणाच्या वेळी मी एक दिली. लगेच दोन आल्या. इतक्या सहज मी कधी कोणाकडे काही मागितले नव्हते.

२१ एप्रिल
दुपारी एक वाजता ग्रंथालयातून परतले, तर अंजनाबाई अंगणात उभ्या. “काहून सारखी घंटी दाबून राहिली वं शामला? आम्ही झोपावंच नाही काय?” माझ्या खोलीला बाहेरून कुलूप होते. माझ्या हातातली किल्ली पाहून त्या मागे फिरल्या.

२४ एप्रिल
भांडी घासणाऱ्या गोपिकाबाईंना त्या जुन्या तारेबद्दल विचारले. वामनरावांची विधवा बहीण यमुताई याच खोलीत अंथरुणाला खिळून होती. जुनी घंटी तिचीच. “दिवसभर पाणी मांगे बिचारी. मंग अंजनावैनीनंच तार तोडली. कूलरच्या आवाजात हाक कोणाले ऐकू येते?” दुसऱ्या दिवशी दार उघडले, तेव्हा ती मेलेली होती, बोट बटणावरच होते. दाबून दाबून नख निघून आले होते.
हे बाबांना कळवणे योग्य ठरेल. परंतु कळवले, तर परीक्षा संपली. कळवले नाही.

२७ एप्रिल
भर दुपारी मी टेबलाशी होते. उशाशी असलेले बटण आपोआप खाली गेले. वर आले. पुन्हा खाली. बंगल्यातून उत्तर नाही.
मी माठातले पाणी पेल्यात ओतून त्याच्याजवळ ठेवले. का ठेवले, ते नीट सांगता येणार नाही. बटण थांबले. संध्याकाळी पेला रिकामा होता.

२९ एप्रिल
अंजनाबाईंनी आज तार तोडली. हा सारा माझाच चावटपणा ठरला. वामनराव खाली मान घालून उभे होते.
बाबांना पत्र टाकले: टेलिफोन उत्तम चालतो.

२ मे
ऊन लागले असावे. ताप फार. माठ कोरडा आहे, आणि उठवत नाही. हाक मारली — तीनदा. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. बंगल्यात कूलर चालू आहे.

दीड वाजला
तार नाही, हे ठाऊक असून बटण दाबले. एकदा. लाज वाटली. मग पुन्हा — किती वेळा, ते — बोट दुखते —

घंटी वाजली. उशाशी.
दोनदा.

खिडकीतून दिसते: बंगल्याचे दार बंदच. अंगणात कोणी नाही. माझी कडी आतून लावलेली —

पाणी ओतल्याचा आवाज. खाटेमागे. माठ तर कोरडा —

आली वं, आली, असे कोणी म्हणते. मानेखाली हात. थंड. पेला माझ्या ओठांशी — तो धरणाऱ्या बोटाला नख नाही