बाबांनी प्यायलेला माझा पेला

मारी-गालांत बेट, १४ जून

प्रिय गाएतां दादा,

तू, वहिनी आणि पोरं पॅरिसात सुखरूप असाल. इथे सगळं ठीक आहे असं लिहायची सवय, म्हणून हात तिकडेच वळला होता. पण ते खोटं होईल. नीरफणस यंदा लगडलाय. आपला म्हातारा बैल जनरल अजून उसाची गाडी ओढतो आणि वळणावर अजून अडून बसतो. एवढ्या बातम्या खऱ्या.

परवा फोनवर तू बाबांना चोर म्हणालास. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि मला म्हणाले, "गाएतांचा घसा बसलाय वाटतं." मी शेजारीच उभी होते.

आपल्या रमच्या भट्टीवर तपासणी झाली, त्या दिवसाचं तुला कोणी धड सांगितलेलं नाही. अबकारीचे साहेब भरदुपारी भट्टीवर आले. "ऊस निम्मा आला, मग रम गेल्या वर्षाएवढीच कशी?" आपल्याला करात सवलत मिळते ती रम याच बेटावरच्या उसाची म्हणून. सवलत गेली तर पॅरिसच्या दुकानात आपली महागडी बाटली कोण उचलणार?

बाबांनी रीतीप्रमाणे बाटली, लिंबू, साखर आणि पेले मेजावर मांडले. "घ्या साहेब. आमच्याकडे कुणी कुणाला ओतून देत नाही. ज्यानं त्यानं आपलं मरण आपणच ओतायचं!" साहेब हसले. साहेबांकडे बघत मी माझ्या पेल्यात ओतायला गेले, तर अर्धी रम मेजावर सांडली.

बाबांना मळीचा वास आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझा पेला ओढून घेतला आणि एका घोटात संपवला. दुसऱ्याच्या पेल्याला त्यांनी जन्मात कधी ओठ लावला नव्हता रे! म्हणाले, "साहेब, ही आमच्या उसाची नाही. पलीकडच्या मोठ्या बेटावरची मळीची रम आणून मी मिसळली."

पण मिसळली होती मी.

मार्चमध्ये बाबा गुडघा धरून अंथरुणात होते, तेव्हा त्या रमची पिंपं बोटीवरून मी उतरवून घेतली. पाऊस नव्हता, ऊस वाळला, दोघा गाडीवानांनी बैल विकले. माल कमी पडला असता, तर तू म्हणाला असतास, "भट्टी बंद करा, मी सांगतच होतो." तुझं तेवढं एक वाक्य मला ऐकायचं नव्हतं.

आता सवलत थांबली आहे. बाबा डॉमिनो खेळायला जात नाहीत. शेजारचा ओनोरे दारातून ओरडतो, "चल रे म्हाताऱ्या, डाव तरी मळी न घालता खेळ!" बाबा हसतात, पण उठत नाहीत. आठ दिवस झाले, मी अजून सुन्न आहे. मुलीसाठी माणूस आपलं नाव असं एका घोटात पिऊन टाकतो?

उद्या सकाळच्या बोटीने मी साहेबांकडे जाऊन खरं सांगणार आहे. बाबांनी आधी मान हलवली, नको म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, माझा पेला मलाच पिऊ द्या." त्यांनी दारातून बाहेर पाहिलं. मग म्हणाले, "ऊन फार आहे, टोपी घेऊन जा."

तू आता फोन कर. मला नको, त्यांना कर. आणि चोर म्हणायचंच असेल, तर ती मी आहे.

पिंपं ओतणारी तुझी बहीण,
लेओनीझ