नळाचं दुखणं

३ ऑगस्ट, रविवार
बाथरूमच्या नळाचा वॉशर बदलला. वॉशर आला चिल्लरीत. खरा खर्च म्हणजे अख्खा रविवार, अंगठ्याचं नख आणि बायकोचे टोमणे. रोज संध्याकाळी लेक आत गेली की नळ अर्धा तास वाहतो. ती बाहेर आली की थांबतो. मुरलेला दोष. पण पंप-मोटरच्या दुरुस्तीत हयात गेली आपली, आवाजावरून रोग सांगतो. काढलेला वॉशर न बघताच भंगाराच्या डब्यात टाकला. कानांनी सांगितल्यावर बघायचं काय?

५ ऑगस्ट, मंगळवार
नळ पुन्हा वाहतोय. हल्लीचा मालच भिकार. बायको म्हणते, नळाचं सोडा, पोरगी अर्धपोटी उठते, मैत्रिणींकडे जात नाही, तिचं बघा. म्हटलं, पंधरावं वर्ष आहे, नवं इंजिन गुरगुरणारच. तरी संकल्प: लेकीशी रोज दहा मिनिटं बोलायचं.

६ ऑगस्ट, बुधवार
बोललो. पाण्याच्या नासाडीवर. ती म्हणाली, हो बाबा. छान चर्चा झाली.

८ ऑगस्ट, शुक्रवार
शाळेतल्या समुपदेशक बाईंचा फोन. अख्ख्या वर्गाला काही प्रश्न विचारले होते, लेकीच्या उत्तरांनी काळजी वाटते, तिला घेऊन भेटा. दुकानात समोर गिऱ्हाईक. मोठ्यानं म्हटलं, हो हो, सोमवारी मोटर घेऊन येतो. चारचौघांत अब्रू वाचली.

११ ऑगस्ट, सोमवार
बाईंनी लेकीला विचारलं, झोप कशी लागते? मी सांगितलं, ढाराढूर, सुट्टीला दुपारपर्यंत. आवडीच्या गोष्टींत मन रमतं का? म्हटलं, चित्रं काढणं सोडलं, सुधारली. जगणं नकोसं वाटतं का, म्हणाल्या. मी तोंड उघडणार, तोच बाई शांतपणे म्हणाल्या, "हे मी तिला विचारतेय. तुम्ही जरा बाहेर बसा."
बाहेर बाकावर बसलो. आतलं काही ऐकू आलं नाही.
बऱ्याच वेळानं बोलावलं. लेक माझ्या चपलांकडे बघत म्हणाली, "बाबा, नळ बिघडला नव्हता. मीच सोडायचे. रडलेलं तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."
बाई म्हणाल्या, हे डिप्रेशन असू शकतं, ते बरं होतं, डॉक्टरांना दाखवू, तोवर तिला एकटं ठेवू नका. मी मान हलवली. ती वर काही करता आली नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार
दुकान बंद ठेवलं. उद्या डॉक्टर. गिऱ्हाइकाला फोनवर खरं कारण सांगितलं. बायको लेकीपाशी बसलीय. डबा उपडा करून जुना वॉशर शोधला, उजेडात धरून पाहिला.
झिजलेला नव्हता.