बिसाहिन काकीच्या दारावर कडुलिंब का नव्हता, याबाबत

प्रति,
मा. अनुविभागीय दंडाधिकारी साहेब,
अनुविभागीय कार्यालय, बरगाडीह (छत्तीसगढ)

अर्जदार : कु. टिकेश्वरी मनबोध यादव, इयत्ता अकरावी, शासकीय कन्या शाळा, बरगाडीह. राहणार मौजे अमलीखार.

विषय : मौजे अमलीखार येथील श्रीमती बिसाहिन निषाद यांना टोनही, म्हणजे चेटकीण, ठरवणारी बातमी अर्धवट असल्याबाबत, व त्या बातमीवरून येत्या रविवारी भरणारी बैठक आपण स्वतः येऊन थांबवण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरचा माझा पहिला अर्ज, ज्यावर आपल्या कार्यालयाने 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा मारला होता.

महोदय,

१. सविनय कळवते की, यंदाच्या 'बातमीची पारख' स्पर्धेत तालुक्यात पहिली आलेली मुलगी ती मीच. बक्षीस आपल्याच हस्ते मिळाले होते. तेव्हा आपण माईकवरून म्हणाला होतात, "अशी एकेक मुलगी प्रत्येक गावात असली ना, तर आमचं निम्मं काम कमी होईल." हे वाक्य मी फार मनावर घेतले आहे, त्यामुळे अर्ज लांबला आहे. तरी शेवटपर्यंत वाचावा ही नम्र विनंती. पहिला अर्ज विषयाच्या ओळीपर्यंतच वाचला गेला, असा माझा समज आहे आणि तो चुकीचा असल्यास मला आनंदच होईल.

२. हरेलीच्या सणानंतर आमच्या गावात मुलांना उलट्या-जुलाब सुरू झाले. पंच समारू यांचा चार वर्षांचा नातू त्यात गेला. आमच्या पाड्याची मितानिन, म्हणजे आरोग्य कार्यकर्ती, घरोघर सांगत होती, "बोअरिंगचं पाणी पिऊ नका गं, त्यात नाल्याचं पाणी शिरलंय." त्यानंतर मोबाईलवर 'गावशिवार चोवीस' नावाचे चॅनेल चालवणारे पत्रकार श्री. लोकेंद्र मोटारसायकलवरून गावात आले. मितानिनने त्यांना बोअरिंगजवळ नेऊन पाणी दाखवले. त्यांनी ते चित्रित केले. परंतु बातमीत ना मितानिन आहे ना पाणी. बातमीत फक्त एक दार आहे.

३. हरेलीच्या सकाळी गावचा राउत, म्हणजे गुराखी, वाईट शक्ती घरात शिरू नये म्हणून प्रत्येक दारावर कडुलिंबाची डहाळी खोचतो, हे आपणांस माहीत आहेच. अमलीखारचे राउत म्हणजे माझे वडील श्री. मनबोध यादव (यापुढे 'ददा'). त्या दिवशी संपूर्ण गावात एकच दार डहाळीवाचून होते, ते बिसाहिन काकींचे. हे खरे आहे. दाराचा फोटोही खरा आहे. व्हिडिओत श्री. लोकेंद्र काकींना विचारतात, "तुमच्याच दारावर लिंब का नाही?" काकी म्हणतात, "घरात दुःख झालंय, बाबू." ते विचारतात, "कोण गेलं? नाव सांगा." काकी जमिनीकडे बघतात. ते पुन्हा म्हणतात, "नाव तरी सांगा ना!" काकी गप्पच. मग ढोल वाजतात आणि लाल अक्षरे येतात : 'मेलेल्याचं नावही सांगता आलं नाही! लिंबाला कोण घाबरतं, ते गावाला ठाऊक आहे.' इथे व्हिडिओ संपतो.

४. त्या वेळी मी काकींच्याच अंगणात होते. ददांनी वासरू शोधायला पाठवले होते आणि ते नेहमीप्रमाणे काकींच्या भोपळ्याच्या वेलात तोंड घालून उभे होते. व्हिडिओ जिथे कापला आहे त्याच्या पुढचे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. काकी म्हणाल्या, "माझी गंगाजल गेली. तिचं नाव मी कसं घेऊ?"

५. साहेब, आपण रायपूरकडचे आहात, तरी गंगाजल बदणे आपल्या घरातही झालेले असेल. दोघीजणी देवासमोर एकमेकींना गंगाजल देतात आणि त्या दिवसापासून सख्ख्या बहिणींहून जवळच्या होतात. त्यानंतर जन्मभर एकमेकींचे नाव घ्यायचे नाही, 'गंगाजल' अशीच हाक मारायची. एक गेली की दुसरी तिचे सुतक पाळते आणि त्या वर्षी तिच्या घरी सण होत नाही. माझ्या दाईची, म्हणजे आईची, गंगाजल नवाडीहला असते. दाईच्या तोंडून तिचे नाव मी आजवर ऐकलेले नाही. रेशनच्या रांगेत कोणी विचारले तरी दाई मला कोपराने ढोसते, मग ते नाव मी सांगते. काकींना ढोसायला त्या दिवशी बाजूला कोणी नव्हते. मी होते, पण वासराचा कान धरून उभी होते आणि मला वाटले, एवढे तर पत्रकाराला कळतच असेल.

६. आमच्या तिर्की मॅडम म्हणतात, बातमी पारखायची तर आधी आपल्याच डोळ्यांत काय गेलंय ते बघायचं. म्हणून लिहिते की, मी निःपक्ष नाही. काकींच्या पेरूवर मी वाढले आहे आणि त्यांनीच मला नाल्यात पोहायला शिकवले. तसेच काकींच्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट मी दडवत नाही. हरेलीच्या आधी बोअरिंगवर समारू पंचांच्या सुनेशी त्यांचे भांडण झाले होते. त्यात काकी म्हणाल्या होत्या, "तुझ्या घरात दिवा लावायला कोणी उरणार नाही!" हे सगळ्या पाड्याने ऐकले आहे. मी हे इथे लिहिले नसते तर मी आणि श्री. लोकेंद्र एकाच माळेचे मणी झालो असतो. माझी दाई आमच्या शेळीला रोज याहून वाईट बोलते आणि शेळी ठणठणीत आहे, हेही नोंदवून ठेवावे. परंतु समारू पंचांच्या घरी मूल गेले आहे, त्यांना शेळीचे उदाहरण सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.

७. मी आधी श्री. लोकेंद्र यांना फोन केला. ते म्हणाले, "बेटा, मी कुठे म्हटलं ती टोनही आहे? मी फक्त प्रश्न विचारला. आणि बघ, तुझ्या गावाचं नाव आज किती लोकांना कळलं!" मग मी ठाण्यात गेले. तिथले मुन्शी म्हणाले, "दार खरं, बाई खरी, आवाज तिचाच. खोटं काय आहे ते बोट ठेवून दाखव." मी म्हटले, "खोटं त्यात नाहीच सर, जे कापलं त्यात खरं होतं." ते म्हणाले, "मग कापलेलं घेऊन ये." साहेब, कापलेले श्री. लोकेंद्र यांच्या फोनमध्ये आहे. ते मी कसे आणणार?

८. यानंतर मी आपणांकडे पहिला अर्ज केला. त्यावर कार्यवाही झाली, हे मी मान्य करते. उलट एवढी झाली की, आता ती थांबवावी असे वाटते. आपल्या कार्यालयातून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या पुस्तिकांचा गठ्ठा गावात आला. पुस्तिका आतून फार चांगली आहे, कायद्याची कलमेसुद्धा आहेत. पण मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेली, डोळे वटारलेली, हातात दिवा घेतलेली बाई काढली आहे. आतले पान गावात कोणी उलटले नाही. मुखपृष्ठे मात्र सगळी फाडून काकींच्या दारावर खळीने चिकटवली गेली. ती कुणी चिकटवली ते मला माहीत आहे, पण ती मुले माझ्याच शाळेतली आहेत आणि त्यांना खरोखरच वाटते की, सरकारने फोटो पाठवला. चित्र काढणाऱ्याच्या मनात वाईट नसेल. त्याला टोनहीवर विश्वास ठेवू नका असे सांगायचे होते आणि ते सांगण्यासाठी त्याने टोनहीच काढली.

९. त्याच आठवड्यात जागृती रथ आला. रथाच्या ड्रायव्हरने पारावर विचारले, "व्हिडिओवालं घर कुठलं हो?" लोकांनी उत्साहाने दाखवले. त्यांनी रथ नेमका काकींच्या दारासमोर उभा करून भोंगा लावला : "टोनही नसते! टोनही नसते!" काकी आत दार लावून बसल्या होत्या. गर्दीतून एक आजोबा म्हणाले, "नसती, तर सरकार एवढ्या लांबून हिच्याच दाराशी कशाला येईल?" याला काय उत्तर द्यावे, ते मला स्पर्धेत शिकवलेले नव्हते.

१०. माझा अर्ज 'अहवालासाठी' ग्रामपंचायतीकडे पाठवण्यात आला, माझ्या नावासकट. सचिवांनी तो पारावर मोठ्याने वाचून दाखवला. लोक हसले. काही जणांनी कौतुकही केले. समारू पंच हसले नाहीत. ते म्हणाले, "एवढ्याशा पोरीला एवढं सगळं शिकवलं कुणी?" मी तत्परतेने सांगितले, "तिर्की मॅडमनी." ते म्हणाले, "मॅडम संध्याकाळी बसने जातात. संध्याकाळी तू कुणाच्या अंगणात असतेस?" आमच्याकडे असे मानतात की, टोनही आपली विद्या एखाद्या कुमारिकेला देऊन जाते. दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या रांगेत माझ्या मागे जागा मोकळी राहू लागली. दाईने मला शाळेत वेणी घट्ट घालून जायला सांगितले आहे. मी घाबरलेले नाही. मी फक्त नोंद करत आहे.

११. आता ददांबाबत. लिंब का लावला नाही, हे गावात खात्रीने सांगू शकेल असा माणूस एकच, माझे वडील. हरेलीच्या सकाळी काकींनी दारातूनच त्यांना सांगितले होते, "राउत, यंदा माझा सण नाही. पुढच्या घरी जा." ददा हात जोडून पुढे गेले होते. परंतु परवा समारू पंच घरी आले, खाटेवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "मनबोध, रविवारी तू एवढंच सांगायचं की, मी लिंब लावला होता. तो कुणी काढला ते आम्ही बघू." ददा मान खाली घालून बसून राहिले. पंच गेल्यावर मी ददांशी भांडले, अगदी कलमे सांगून भांडले. ददा म्हणाले, "टिकेश्वरी, तुझं बक्षीस भिंतीवर टांगलंय. आपलं पोट त्यांच्या धानाच्या कोठीवर टांगलंय. तू भिंतीकडे बघून बोलतेस, मला कोठीकडे बघून बोलावं लागतं." गावची गुरे वळण्याचे काम दर वर्षी गावच देते आणि गावच काढून घेते. मी ददांना भित्रे म्हणाले होते. तो शब्द मी या अर्जाद्वारे मागे घेते, कारण त्यांनी पंचांना अजून 'हो' म्हटलेले नाही. 'नाही' सुद्धा म्हटलेले नाही.

१२. रविवारच्या बैठकीची तयारी पुढीलप्रमाणे आहे. लाफिनखारहून बैगा, म्हणजे मांत्रिक, येणार आहे. तो परीक्षा घेणार, असे सांगतात. कसली परीक्षा, ते बायकांना सांगितलेले नाही. काकींना निरोप गेला आहे की, केस मोकळे सोडून यायचे. मैदानात लाकडे रचली आहेत आणि गावात कुणाचे लग्न नाही. श्री. लोकेंद्र यांच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची राखली आहे. त्यांनी सांगितले आहे की, या वेळी काहीही न कापता थेट दाखवणार. काकींचा मुलगा तेलंगणात वीटभट्टीवर आहे, त्याचा फोन लागत नाही. मी काकींना म्हटले, "आमच्या घरी चला, नाही तर मामाच्या गावी पोचवते." त्या म्हणाल्या, "पळाले तर म्हणतील, बघा, पळाली. इथे राहिले तर निदान तू तरी खरं लिहिशील." साहेब, मला खरे लिहायला आवडते. पण हे लिहायला आवडणार नाही.

१३. रविवारी आपले कार्यालय बंद असते, हे मला माहीत आहे. बैठक ठरवणाऱ्यांनाही ते माहीत आहे.

१४. तरी नम्र विनंती की :

(क) आपण रविवारी सकाळी स्वतः अमलीखारला यावे. पुस्तिका पाठवू नयेत. रथ तर कृपया अजिबात पाठवू नये. पोलीस आणल्यास ते काकींच्या दाराशी नव्हे, लाकडांपाशी उभे करावेत.

(ख) श्री. लोकेंद्र यांच्या फोनमधला संपूर्ण व्हिडिओ मागवून पारावर सगळ्यांसमोर लावावा. कापलेला भाग फार मोठा नाही. एका बाईने आपल्या मैत्रिणीचे नाव न घेणे, एवढाच आहे.

(ग) बोअरिंगचे पाणी तपासायला न्यावे. आणखी दोन मुले आजारी आहेत. त्यांना काही झाले तर रविवारची वाटही कोणी बघणार नाही.

(घ) हा अर्ज ग्रामपंचायतीकडे अहवालासाठी पाठवू नये.

१५. शेवटचे. आपण न आल्यास रविवारनंतरही बातमी येईलच. सवयीप्रमाणे मी तीही पारखायला घेईन. तिच्यात गावाचे नाव बरोबर असेल, बाईचे नाव आणि वय बरोबर असेल, काय झाले, कुठे झाले, किती लोक बघत होते, सगळे बरोबर असेल. आपले निवेदनही असेल, दोषींची गय केली जाणार नाही असे, आणि तेही खरेच असेल. त्या बातमीत मला एकही चूक सापडणार नाही.

हा अर्ज मी शाळेतून मिळालेल्या सायकलवरून स्वतः आणून देत आहे. पोच मिळेपर्यंत बाकावर बसून राहीन. शिपाई काकांना तसे सांगून ठेवावे.

उत्तराची नव्हे, आपल्या येण्याची वाट पाहणारी
आपली नम्र,
(सही)
कु. टिकेश्वरी मनबोध यादव
बरगाडीह, दि. २९ ऑगस्ट २०२४

सोबत जोडले आहे :
१. व्हिडिओची प्रत, पेन ड्राइव्हमध्ये. (पेन ड्राइव्ह तिर्की मॅडमचा आहे, परत मिळावा.)
२. व्हिडिओत नसलेले काकींचे बोलणे, मी ऐकले तसे, माझ्या सहीने.
३. पुस्तिकेचे एक मुखपृष्ठ, काकींच्या दारावरून सोडवलेले. मागे खळ आहे, जपून धरावे.
४. श्री. मनबोध यादव, राउत, यांचा जबाब. ते बोलत गेले आणि मी लिहून घेतले. त्यांना सही करता येते, परंतु सहीची जागा कोरी आहे. मागचा कागद पारावर वाचला गेला होता, म्हणून ते म्हणाले, "साहेब समोर येऊन उभे राहिले तर साहेबांच्या देखत करीन. पेन तू तयार ठेव."