कप्पीचं गणित

प्रिय शंकासुर,

फोनवरच बोलले असते, पण आपल्या घरात फोनवरचं बोलणं सगळ्या खोल्यांना ऐकू जातं, आणि हे बाबांच्या कानावर जायला नकोय. म्हणून शिवणाचं कापड बाजूला सारून मशीनवरच कागद ठेवून लिहितेय. बाबा पलंगावर आहेत, भिंतीकडे तोंड करून. त्यांची पाटीसुद्धा तशीच, भिंतीकडे तोंड करून. गेल्या आठवड्यापासून त्यांनी तिला हात लावलेला नाही. त्यांना पुन्हा बोलायला शिकवायला येतात त्या बाई म्हणाल्या, असंच चाललं तर जे थोडंफार परत आलंय तेही हातचं जाईल. त्या सरळ बोलतात म्हणून मला आवडतात, पण त्या दिवशी नाही आवडल्या.

बाकी घरी ठीक. माझा गुडघा कुरकुरतोय, कुरकुरू दे. मशीन मी आता त्यांच्याच खोलीत आणलंय. खडखड होते, पण त्यांना ती चालते. मी थांबले की वळून बघतात. वाटत असेल, ही कुठे गेली?

परवा मशीनवर बसल्या बसल्या तुझं कॉलेजचं पहिलं वर्ष आठवलं. गणित अडलं की वसतिगृहातून तुझा फोन यायचा, तिकडे भोवती मैत्रिणींचा घोळका, आणि इकडे बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे. जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, निवृत्त झाल्यावर तुम्ही पोरी मिळालात. पण उत्तर म्हणून कधी दिलं नाही हो त्यांनी! बाण काढलेस का, एवढंच विचारायचे. कोण कुणाला कुठे ओढतंय ते आधी बाणांनी दाखव, मग पुढचं बोल. तू इतकी चिडायचीस की पाय आपटल्याचं मला इथे ऐकू यायचं. उद्या गणितं द्यायचीत आणि हे बाण काय विचारत बसलेत! फणकाऱ्यानं फोन ठेवायचीस, आणि थोड्या वेळानं तुझाच फोन, बाबा, जमलं. ते माझ्याकडे बघून मान हलवायचे आणि दोन घास जास्त जेवायचे. मला तुमच्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तो फोन आला की मलाही पोटभर वाटायचं.

मग ते आजारपण आलं. उजवा हात गेला, आणि शब्द गेले. पाणी हवं असलं की खिडकी म्हणतात. चुकलं हेही त्यांना कळतं, तेच बघवत नाही. ज्या माणसानं वर्गात कधी कागद हातात घेतला नाही, तो पाणी म्हणायला धडपडतो. पण डाव्या हातात पेन्सिल दिली तर बाण आले, चिन्हं आली. वाकडीतिकडी, पण बरोबर. बाई म्हणाल्या, हीच वाट धरा. आणि तू लगेच म्हणालीस, आई, मी गणितं पाठवते.

तू पाठवायला लागलीस आणि घर बदललं गं. सकाळी दाढी करून घ्यायला लागले. पाटी फोनसमोर धरायचे आणि तू म्हणायचीस, बाबा, केव्हाची अडले होते, तुमच्यामुळे सुटलं. मी मशीनच्या आड तोंड लपवून रडायचे. आनंदानं, दुसरं काय.

आणि मग तू ते कप्पीचं गणित पाठवलंस. कप्पीवरून दोरी, दोरीच्या दोन टोकांना दोन पिशव्या, एक जड, एक हलकी. अगं वेडे, पिशव्या कशाला लिहिल्यास? तू शाळेत होतीस तेव्हा बाबांनी पडद्याच्या दांडीला कप्पी बांधली होती, एका पिशवीत बटाटे, दुसरीत तुझी पुस्तकं. दांडी पडद्यासकट खाली आली, बटाटे पलंगाखाली गेले, आणि मी तुम्हा दोघांनाही जेवायला वाढणार नाही म्हणून सांगितलं होतं. ते गणित तुला तेव्हाच येत होतं. मी विसरले असते. ते कसे विसरतील?

त्यांनी ते सोडवलं नाही. बराच वेळ बघत राहिले. मग पाटीवर कप्पी काढली, दोन पिशव्या काढल्या, आणि खाली एक दोन वेण्यांची मुलगी काढली, एवढीशी. ती पाटी माझ्यासमोर धरली. ओठ हलले. मला वाटलं, आता पुन्हा खिडकी म्हणतील. पण ते म्हणाले, खोटं. अगदी स्वच्छ. आजारानंतरचा त्यांचा पहिला धड शब्द. बाईंना सांगितलं तर त्यांना केवढा आनंद झाला! मी तोंडदेखलं हसले. मग त्यांनी पाटी फिरवून ठेवली.

मला तुझा राग आलेला नाही. त्यांना जमावं म्हणून तू सोपी गणितं शोधून पाठवत होतीस, हे मला कळतं. मीही त्यांच्या शर्टाची बटणं काढून आतून हुक लावलेत, वरून बटणं नुसती दिसायला, आणि त्यांना काही सांगितलेलं नाही. पण काल तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीचा फोन आला. विजेचा पेपर तुझा राहिलाय, फेरपरीक्षा तोंडावर आलीये आणि एका गणितापाशी तू रडत बसतेस. एक गोळा, सगळीकडे वीज भरलेला, आणि आत एका बाजूला पोकळी. शिक्षण सोडायचं म्हणतेस, असंही ती म्हणाली. तिच्यावर चिडू नकोस, तिला राहवलं नाही. अगं, खोटं गणित घेऊन बाबांना बरं करायला निघालीस आणि खरं गणित उराशी धरून एकटी बसलीस?

म्हणून हे पत्र. तो पोकळीवाला गोळा त्यांना पाठव. मी दाखवणार नाही, तूच पाठवायचा, आणि खरंच अडलेय म्हणून सांगायचं. त्यांना तो सुटेल का, मला माहीत नाही. बहुतेक नाही सुटणार. पाटीवर काहीतरी भलतंच काढतील, चिडतील, रडतील, आणि मी इथे आहे. पण तू अडली आहेस हे त्यांना खरंखुरं कळू दे. आणि पाठवण्याआधी बाण काढ गं बाई, नाहीतर पहिलं तेच विचारतील. निदान विचारायचा प्रयत्न तरी करतील.

आज पाटी पुसून त्यांच्या उशाशी ठेवली आहे. सरळ.

तुझीच,
अजून फोनशी कान लावून बसणारी,
आई