उतरता मासा

शुक्रवार, १४ जून

दादा,

'नदीकाठच्या बंधू-भगिनींनो, या बंधाऱ्याने आपली नदी अडवली आहे!' अशी सवयीने सुरुवात केली आणि खोडली. बंधू इथे एकटा तूच, आणि बंधाऱ्याचे दरवाजे वर-खाली करणाराही तूच. तरी तक्रार दोघांची आहे. नदी तुझ्याही बापाची होती.

क्वार्टरमधली ओल कमी झाली का? वहिनीचा खोकला? इकडे सगळे बरे आहेत. बाबाही बरे आहेत. त्यांचं पुढे लिहिते.

बंधाऱ्याला माशांसाठी शिडी हवी म्हणून मी वर्षानुवर्षं घसा फोडला. शिडी झाली. या हंगामात मासे पायरी-पायरीने चढले, लोकांनी मला खांद्यावर घेतलं. पण वर काय आहे, दादा? साचलेलं पाणी! पाण्याच्या ओढीविरुद्ध पोहायचं, एवढंच त्या माशांना कळतं. वर ओढच नाही. गाभोळीने फुगलेले मासे भिंतीजवळ गोल-गोल फिरतात आणि अंडी न घालताच त्याच शिडीने परत खाली येतात.

खाली जाळी लागलीत. आपल्याच लोकांची. पहिलं जाळं बाबांचं.

मी म्हटलं, "बाबा, चढत्या माशावर जाळं टाकायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"मग हा चढता आहे का? तोंड बघ कुठे आहे त्याचं. उतरता मासा आपला."

"अहो, पोटात गाभोळी आहे त्याच्या!"

"ते त्याला सांग. ठोक एक भाषण त्याच्यापुढे."

सगळे हसले. मलाही हसू आलं. नियम मोडला म्हणावं, तर मोडलेला नाही. आजवर खाली येणारा मासा अंडी घालूनच यायचा. भरल्या पोटी माघारी फिरणारा कुणी पाहिलाच नव्हता, तर त्याचा नियम कोण करणार? मग दोष कुणाला देऊ? भिंतीला? बाबांना? शिडी बंद करा म्हणू? ती मीच मागितली! सभा तोंडावर आली आहे, फलकावर माझं नाव रंगवलंय, आणि माझ्याकडे एक धड वाक्य नाही.

त्या दिवशी बाबांनी ताटात वाढलेला तुकडा मी खाल्लासुद्धा. चवदार होता. याचं काय करू, तेही कळत नाही.

तुला मी भिंतीचा चाकर म्हणते. ते मागे घेत नाही. पण दरवाजाची कळ त्या चाकराच्याच हाताखाली आहे. साहेबांच्या परवानगीसाठी थांबलास तर हंगाम जाईल, न थांबलास तर नोकरी जाईल. मला हे दिसतं, आणि तरी मागते. बरोबर मागते की नाही, देव जाणे. वरचं पाणी हललं तर मासे तोंड फिरवतील, एवढीच एक खात्री उरली आहे.

पत्र वाचून झालं की कामावर जा, मधला दरवाजा हातभर वर घे, आणि वरचं पाणी वाहताना दिसेपर्यंत खाली सोडू नकोस.

काठावर उभी असलेली,
तुझी धाकटी