हिरव्या इंजिनाची उघडी तार

मी, खाली अंगठा उठवणारी, वय अंदाजे ब्याऐंशी, खेळण्यातल्या आगगाड्या बनवणाऱ्या कारागिराची विधवा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय सांगत आहे. मला अक्षर येत नाही. शेजारचे निवृत्त टंकलेखक लिहून घेत आहेत. "आजी, जरा कायद्याच्या भाषेत बोला," असं ते दोनदा म्हणाले. कायद्याचं त्यांनी घालावं, खरं मी घालते.

१. राहतं घर व मागची कामाची खोली मुलाला. खोलीची खिडकी खालून ढकलली की उघडते, हे त्याला अजून समजलेलं नाही.

२. चावीचं पत्र्याचं इंजिन धाकट्या जाऊबाईंना. त्याची स्प्रिंग नको तेवढी जोरकस आणि पुढची चाकं हलकी, त्यामुळे सरळ रुळावर मिरवतं आणि पहिल्याच वळणावर आडवं पडतं. जाऊबाईंना ते आपलंसं वाटेल.

३. काळं ओतीव इंजिन कुणालाच नाही. वजन यावं म्हणून ह्यांनी जस्ताच्या रसात शिशाचे तुकडे टाकले. मी म्हटलं, "अहो, ही भेसळ आहे." "तू स्क्रू आवळ," हे म्हणाले. आता ते कपाटात बसल्या जागी फुगलंय, अंगभर तडे गेलेत. टाकून द्यावं.

४. स्क्रूड्रायव्हर, चिमटे आणि सोल्डरिंगची सळई मुलीला. मुलाने हरकत घेऊ नये. त्याने जन्मात एक स्क्रू आवळला, तोही उलटा.

५. हिरवं विजेचं इंजिन. इथे नीट लिहा.

तेव्हा आम्ही घरातली वीज एका बल्बमधून फिरवून तशीच रुळांत सोडायचो. म्हणून इंजिनाच्या आतल्या तारेवर कापडी नळी चढवावी लागे. पण ह्यांनी इंजिनाचं वरचं टोपण केसभर तोकडं ओतलं, नळी घातली की ते बसेना. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन होतं. "कसंही बसव," हे म्हणाले. मी नळी काढली आणि टोपण बसवलं. मीच. चालता चालता तार घासून उघडी पडली आणि अख्ख्या इंजिनाच्या अंगात वीज उतरली. वळणावर ते रुळावरून घसरलं. मुलगी आठ वर्षांची, तिने परत ठेवायला म्हणून धरलं, मागची चाकं रुळाला टेकलेलीच होती, आणि तिला झटका बसला. उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली.

"ओल्या हाताने धरलंस ना!" हे तिच्यावर ओरडले. तिचे हात कोरडे होते. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. तिने साठी ओलांडली, अजून दिव्याचं बटण दाबण्याआधी दोनदा हात पुसते.

आता एक जुन्या खेळण्यांचा शौकीन ते मागतोय. मुलगा म्हणतो, "आई, आत हात लावू नकोस, त्याला जसंच्या तसं हवंय." ते त्याला मिळणार नाही. इंजिन मुलीला. तिने टोपण उघडून ती तार बघावी. मग ठेवावं, दुरुस्त करावं की हातोडा घालावा, तिची मर्जी.

टंकलेखक म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं. बाकीची कलमं थांबू देत, पाचवं थांबणार नाही. मी गेल्यावर तिने कुणाला बोल लावायचा? तिला येत्या रविवारी बोलावलं आहे. हे कलम टंकलेखकांनी तिच्यासमोर मोठ्याने वाचावं. मी समोर बसेन, आणि ती जे बोलेल ते ऐकून घेईन.

मजकूर मला वाचून दाखवला, बरोबर आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचे शिंपी (सही)
२. नेहमीचे डॉक्टर (सही, "शुद्धीत आहेत, जीभही शाबूत")

स्थळ: राहत्या घराची मागची खोली
बुधवार, ९ फेब्रुवारी २०११