सगळी मेमरी दिली

मंगळवार, १७ नोव्हेंबर २००९

धाकट्या दिरांनी, नेल्सन भावजींनी, आपल्या घरच्या कॉम्प्युटरच्या आतच त्यांच्या ऑफिसचा दुसरा कॉम्प्युटर बसवून दिलाय, खरा डबा नाही, पडद्यावरच्या एका खिडकीत चालणारा. त्यात मी घरबसल्या दुकानांचे पत्ते भरते. आज तो फारच हळू चालत होता. म्हणून तो बंद केला, सेटिंगमध्ये गेले नि घरच्या कॉम्प्युटरची किती मेमरी त्याला द्यायची, ती पडद्यावरची पट्टी पार शेवटपर्यंत ओढली. जास्त दिली तर जोरात पळेल, एवढंच माझं डोकं. मग तो सुरूच होईना.

हे काम गेलं तर मला कंपनीत जावं लागेल. आठ महिन्यांची रिया कुणाकडे ठेवू?

भावजींना निर्मळ गावी फोन लावला. "वहिनी, कशाला हात लावलात का?"

मी म्हटलं, नाही. का असं 'नाही' म्हटलं? ते बिचारे अर्धा तास काय काय विचारत बसले, नि मी आपली नाहीच म्हणतेय. शेवटी रडायलाच आलं. "भावजी, मी ती मेमरीची पट्टी ओढली."

ते हसायलाच लागले. "अहो वहिनी, सगळं जेवण पाहुण्याला वाढलंत, आता घरातल्यांनी काय खायचं? अर्ध्याच्या खाली आणा."

आणली. सुरू झाला! पत्ते सगळे जागेवर.

"हे आधी सांगायचं ना," एवढंच बोलले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मग रियाला मांडीवर घेतलं नि राहिलेले पत्ते एका हाताने भरले.